सायकल गेली, किल्ली राहिली

लेक क्लासहून आली ती पायी. दप्तर पाठीवर, ओढणीचं टोक दप्तराच्या पट्ट्यात अडकलेलं आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली. २०२४ चा ऑगस्ट, कानबाई, आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, बसायच्या आदला दिवस. घरात नैवेद्याच्या रोटांच्या दळणाची गडबड, आई ओट्यावर गहू निवडत बसलेली. तिनं आधी नातीकडे पाहिलं, मग नातीच्या मागच्या उघड्या फाटकाकडे.

“सायकल कोठे गयी वं माय?”

लेकीनं मूठ उघडली. आत किल्ली. किल्लीला प्लॅस्टिकचा एक पांडा, त्याचा एक कान तुटलेला.

“मी लॉक केली होती,” ती म्हणाली. “ही बघा किल्ली.”

तिचं बरोबर होतं. मागच्या चाकाला जे नालेच्या आकाराचं कुलूप असतं ना, आमच्या त्या कुलपाची किल्ली ते उघडं असताना निघतच नाही. किल्ली हातात आहे म्हणजे कुलूप लागलं होतं. पुढचे दोन दिवस घरी जो येईल त्याला ती किल्ली दाखवत होती, शेजारच्या काकूंना, मावशीला, रोट खायला आलेल्या भाऊबंदांना. आपण निष्काळजी नाही एवढंच तिला सांगायचं होतं. तिला कोण सांगणार, की ते कुलूप फक्त चाक फिरू देत नाही. सायकल उचलून नेणाऱ्याला ते अडवत नाही. मागचं चाक हातभर उचलायचं आणि पुढच्या चाकावर ढकलत न्यायचं, बघणाऱ्याला वाटतं किल्ली हरवलेला पोरगा दुकानाकडे निघालाय. कोणी चांगला माणूस असेल तर हातही लावतो.

मी लगेच गाडी काढली. जळगावात क्लासच्या गल्ल्या कशा असतात ते इथल्या आईबापांना सांगायला नको. संध्याकाळी पाच ते आठ एकेका गल्लीत शंभर-दीडशे सायकली, एकीचं हँडल दुसरीच्या कॅरियरमध्ये घुसलेलं, मधली काढायची तर आधी सहा बाजूला कराव्या लागतात. भिंतीवर पाटी: ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत.’ क्लासला कॅमेरा होता, पण तो फीच्या काउंटरवर रोखलेला. समोरच्या औषधाच्या दुकानाचा कॅमेरा गल्ली बघत होता. दुकानदार भला माणूस. म्हणाला, “ते मशीन माझ्या मुलाला कळतं, तो कानबाईला गावी गेलाय, मंगळवारी या.” मंगळवारी मला ऑफिसात काम निघालं, मग पंधरा ऑगस्ट आला, मग रविवार. दहाव्या दिवशी गेलो तर त्या शनिवारवर नवं चित्रण चढून गेलेलं. मशीन जागा भरली की जुनं पुसतं, कोणाचं सात दिवसांत, कोणाचं महिन्यानं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण चार हजारांच्या सायकलीसाठी कोण धावपळ करतो, असं मनात कुठंतरी होतंच.

चार हजार. या आकड्याची गंमत पुढे सांगतो.

त्याच रात्री आमच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो होतो. टेबलावर एक हवालदार, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शांतपणे विचारत गेले. कंपनी? सांगितली. रंग? निळा, पांढरे पट्टे. गिअर? नाही. “नंबर?”

मला हसू आलं. “साहेब, सायकलला कुठला नंबर? तिचं काय आरटीओला पासिंग असतं?”

त्यांना राग नाही आला. उठले, मोबाइलची बॅटरी लावली आणि म्हणाले, “या.” ठाण्याच्या मागं आवार होतं. जप्त केलेल्या मोटारसायकली, वाळूचा एक ट्रॅक्टर, एक हातगाडी आणि भिंतीला टेकून पंधरा-वीस सायकली. काहींच्या आऱ्यांमधून गाजरगवत वर आलेलं, एकीच्या सीटवर मुंगळ्यांची रांग. त्यांनी त्यातली एक ओढली, उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं आभाळाकडे. पायडलचा आस ज्या जाड नळीतून जातो, मेकॅनिक जिला ‘बीबी’ म्हणतात, तिच्या पोटाला बोटभर जाडीचा चिखल वाळून दगड झाला होता. त्यांनी तो नखानं खरवडला, खिशातल्या रुमालाला पाणी लावून पुसला. आधी एक इंग्रजी अक्षर दिसलं, मग आकडे, एकामागून एक, ठोकून उमटवलेले.

“हे हिचं आधार कार्ड. काहींचं इथं असतं, काहींचं सीटखालच्या नळीवर, काहींचं पुढं हँडलच्या खाली. तुमच्या सायकलीचं किती?”

मी दोन वर्षं त्या सायकलीत हवा भरली होती. तिचं चेनकव्हर कुठं घासतं, मागचा ब्रेक कुठल्या आवाजानं लागतो, डाव्या पायडलची रबरी पट्टी कधी निघाली, सगळं मला पाठ. एकदाही उलटी करून पाहिली नव्हती.

परत टेबलावर आलो. “बिल आहे?” त्यांनी विचारलं. बिलावर दुकानदार बहुतेक वेळा फ्रेम नंबर टाकतो, म्हणे. बिल नव्हतं. सायकल घेताना दुकानदारानं विचारलं होतं, पक्कं बिल करू का, तेव्हाचा १२ टक्के जीएसटी पडेल. मी नको म्हणालो आणि त्यानं वहीतला चतकोर कागद फाडून त्यावर आकडा लिहून दिला. आणि मी नोकरी कुठे करतो? एका कार्यालयाच्या लेखा विभागात. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासायची, पावतीवर तारीख नाही म्हणून परत पाठवायची.

“अंदाजे किंमत?”

घेतली तेव्हा सात हजारांच्या वर होती. पण दोन वर्षं वापरलेली, पट्टी निघालेली, रंग उडालेली. हिशेबाची सवय, घसारा मनातल्या मनात वजा झाला. म्हणालो, “धरा चार हजार.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “नीट विचार करून सांगा.”

“नाही नाही, चारच. खोटं कशाला?”

त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि लिहायला लागले. “तीनशे एकोणऐंशी,” असं पुटपुटले, मग स्वतःच खोडून, “तीनशे तीन. हात अजून जुन्याच कलमावर जातो.” नवे कायदे लागू होऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते, १ जुलैपासून. भारतीय दंड संहितेतली चोरी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये राहायला आलेली.

त्यांनी पेन का खाली ठेवलं ते मला चार दिवसांनी एका वकील मित्राकडून कळलं. नव्या व्यवस्थेत ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे ठाण्यात तिची नोंद होते, त्या नोंदीची, म्हणजे एनसीची, प्रत मिळते, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या चोरानं माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. हे दुसरं मला पटतं. एखाद्या पोरानं पहिल्यांदा सायकल उचलली म्हणून त्याला तुरुंगात पक्क्या चोरांच्या शेजारी नेऊन बसवावं असं मला अजूनही वाटत नाही. पण पहिलं बोचतं. बाजारात आज तशी सायकल घ्यायची तर काय पडेल, तिला बसवलेलं नवं टायर, कॅरियर, बास्केट, हे धरून खरी किंमत सांगायची होती, आणि ती पाचाच्या वर सहज गेली असती. मी मात्र प्रामाणिकपणाच्या तोऱ्यात माझ्याच लेकीची सायकल रेषेखाली ढकलून आलो.

या पाच हजारांचं आणखी एक वाटतं. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, त्यात आमच्या खानदेशातले तालुकेही आहेत. ती रक्कम आधी ३,५०० होती, २०२२ मध्ये ५,००० झाली. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी एखादी मुलगी शाळेसाठी जी सायकल घेते, ती दुकानातून निघते तेव्हा बरोबर त्या रेषेवर असते आणि पहिल्या पंक्चरला रेषेच्या खाली. तिच्या बापाच्या दृष्टीनं ती घरातली बैलजोडीनंतरची सगळ्यात महाग वस्तू असू शकते. कायद्याला ते दिसत नाही.

घरी आल्यावर हे सगळं आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. आत गेली आणि नानांची, माझ्या वडिलांची, डायरी घेऊन आली.

नाना भुसावळला लोको शेडमध्ये होते. वाफेच्या इंजिनांच्या काळातले. मूळ गाव अमळनेरकडचं, म्हणून घरात अहिराणी आणि भुसावळच्या रेल्वे लाइनीत सगळ्या देशाची बोली. त्यांची काळी, चोवीस इंची सायकल मला आठवते ती तिच्या बिल्ल्यामुळे. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला, दर वर्षी नवा, सायकलीला तारेनं बांधलेला. तो सायकलीवरच्या कराचा होता, चोरीशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि नाना त्याच्या नावानं बोटं मोडायचे. पण त्यामुळे सायकल ही नोंद करायची वस्तू आहे असं त्या पिढीच्या अंगवळणी पडलं होतं. स्टेशनच्या सायकल स्टँडवरही एक टोकन हँडलला, एक हातात. तो कर गेला, बिल्ला गेला, आणि त्याबरोबर सायकलीची शेवटची सरकारी ओळख गेली. जपानात १९९४ पासून सायकलीची चोरीविरोधी नोंदणी कायद्यानं करावीच लागते. दुकानातच फॉर्म भरतात आणि फ्रेमवर एक चिकटपट्टी लावून देतात. इथं कोणी तसं काही आणलं तर पहिला विरोध मीच करीन, रांगा आठवून. पण असो.

डायरीच्या पहिल्या पानावर नानांच्या किरट्या अक्षरात रेशनकार्डाचा नंबर, पी.एफ. चा नंबर, चष्म्याचा नंबर, आणि चौथ्या ओळीत ‘सायकल नं.’ ती सायकल नानांनी मी कॉलेजात असताना विकली. आज ती कुठल्या भंगारात वितळून खिळे झाली असेल. तिचा नंबर आमच्या घरात आहे. लेकीच्या सायकलीचा नाही.

आमच्या कोपऱ्यावर एक सायकलवाले चाचा आहेत. हवा भरायचा पंप, पाण्याची घमेली, ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचे, वर निंबाची सावली. त्यांना सांगितलं तर त्यांनी पाना खाली ठेवला नाही. “सायकल का चोर दूर नहीं जाता, भाई. सायकल दूर जाती है.” मग उलगडून सांगितलं. उचलणारा आसपासचाच, पण सायकल त्याच गल्लीत फिरवली तर कोणीतरी ओळखणार. म्हणून आधी बास्केट काढायचं, सीट बदलायची, पट्ट्यांवर रंगाचा हात मारायचा, आणि कुठल्यातरी खेड्याच्या बाजारच्या दिवशी हजार-बाराशेला देऊन टाकायची. “फ्रेम कोई नहीं बदलता. फ्रेम बदली तो बचा क्या?”

मी विचारलं, घेणारा विचारत नाही का, कुठली, कोणाची?

चाचा नुसते हसले. उत्तर घरी आईनं दिलं. “बैल लेतस तं पावती लेतस. सायकल लेतस तं कोनी इचारस का?” खरंच की. आमच्या मामांनी गुरांच्या बाजारातून बैल आणला तर बाजार समितीच्या पावतीवर बैलाचा रंग, शिंगं, वय, विकणाऱ्याचं नाव-गाव असतं. ती पावती मामा देवघराच्या कोनाड्यात ठेवतात. रस्त्यात कोणी अडवलं तर दाखवायला. तेच मामा ओळखीच्या पोराकडून बाराशेला मिळाली म्हणून जुनी सायकल घेऊन येतील आणि कौतुकानं सांगतील, कशी स्वस्तात मारली. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटण्याजोगं कारण असून घेणाराही गुन्हेगार असतो. जुना ४११, आता ३१७. पण आपल्याकडे चोर म्हणजे उचलणारा. बाराशेला घेतो तो हुशार.

मग परीक्षा आल्या, दिवाळी आली. लेक बसनं क्लासला जाऊ लागली. किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर.

नोव्हेंबरात ठाण्यातून फोन आला. दुसऱ्या एका गुन्ह्यात एक मुलगा सापडला होता आणि त्याच्याकडून अकरा सायकली निघाल्या होत्या. जुन्या नोंदी काढून हवालदार एकेकाला बोलावत होते. हे त्यांनी करायलाच हवं होतं असं नाही, माझी तर एनसीच होती. आम्ही बापलेक गेलो. अकरा सायकली ओळीनं उभ्या. त्यांत तीन निळ्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. पट्टे कुणालाच नाहीत, सीट तिन्हींची नवी, कुलपं कापलेली.

लेक पहिलीजवळ गेली, पायडल पाहिलं. दुसरीजवळ गेली. पायडलं दोन्हींची बदललेली. तिनं दुसरीचं हँडल धरलं, डोळे मिटून ब्रेक दाबला. मग पहिलीचा. माझ्याकडे बघून म्हणाली, “ही असेल. किंवा ही.”

“ठाम सांगा,” हवालदार म्हणाले. “मला पंचनाम्यात लिहायचंय.”

तेवढ्यात दुसरे एक गृहस्थ आले, बहुधा पाचोऱ्याकडचे, मुलगा शिकायला जळगावात. त्यांनी मोबाइल काढला. त्यात एक फोटो, सायकल उलटी, नंबर स्पष्ट. मुलानंच सायकल घेतल्या दिवशी काढून ठेवला होता, गंमत म्हणून. हवालदार वाकले, लेकीनं ब्रेक दाबलेल्या दुसऱ्या सायकलीचा नंबर फोटोशी ताडून पाहिला, एकेक आकडा मोठ्यानं वाचत. जुळला. दोन मिनिटांचं काम. नंतर त्यांना कोर्टात अर्ज, सुपूर्तनामा वगैरे करावं लागलंच. मुद्देमाल ठाण्यात सडत ठेवू नका, लवकर मालकाला द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलंय, तरी कागद व्हायला लागतात तेवढे लागतातच. पण त्यांची सायकल त्यांची ठरली.

उरल्या दोन. “त्यातली एक आमची असेल,” मी म्हणालो.

“असेल,” हवालदार म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. “पण असेल म्हणून देता येत नाही ना सर. उद्या दुसरा कोणी येऊन ‘माझी’ म्हणाला तर?” दावेदार मिळाला नाही तर जाहीरनामा निघतो, सहा महिने वाट बघतात, मग विक्री, असं त्यांनी सांगितलं. खोटं सांगून मी एक उचलू शकलो असतो का? शकलो असतो, असं वाटतं. चाचांना साक्षीला नेलं असतं. पण लेक शेजारी उभी होती, आणि तिलाच ठाम माहीत नव्हतं.

बाहेर पडताना तो मुलगा दिसला. बाकावर बसलेला, मिसरूडही न फुटलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. शेजारी त्याची आई असावी. लेकीनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. गाडीवर बसल्यावर तिनं एकच विचारलं, “त्याला सायकल येत असेल का चालवता?” मला कळलं नाही काय उत्तर द्यावं.

नवी सायकल जानेवारीत घेतली. पक्कं बिल, त्यावर फ्रेम नंबर दुकानदाराकडून लिहून घेतला आणि मग उलटी करून बिलावरचा नंबर सायकलीवरच्याशी जुळवला. दुकानदाराला वाटलं हा गिऱ्हाईक अंमळ खुळा आहे. एक आकडा चुकीचा लिहिला होता. तो दुरुस्त करून घेताना मला जो आनंद झाला तो लेखा विभागातल्या लोकांनाच कळेल. मग फोटो, नंबराचा वेगळा, सायकलीचा लेकीसकट वेगळा. मग साखळी, चांगली जाड, मागचं चाक आणि फ्रेमची नळी दोन्ही धरून क्लासच्या जिन्याच्या गजाला. तीन आकड्यांचं नंबरलॉक लेकीला आवडलं होतं. मी तिला हिशेब करून दाखवला, ०००पासून ९९९पर्यंत एक हजार जोड्या, एकेकीला दोन सेकंद, अर्धा-पाऊण तास झाला की संपल्या. क्लास दीड तासाचा असतो. किल्लीचं घेतलं. साखळी जमिनीवर लोळू द्यायची नाही हे चाचांनी शिकवलं, जमिनीवर टेकलेल्या कुलपावर हातोडा नीट बसतो.

आणि सीटचा दांडा काढून आतल्या पोकळ नळीत एक चिठ्ठी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, नाव आणि मोबाइल नंबर. ही आयडिया आईची. लग्नात रुखवताच्या डब्यांत तळाशी ती अशाच चिठ्ठ्या टाकायची, डबे परत यावेत म्हणून.

नाव कोरायचं राहिलं होतं. भांड्यांवर नाव टाकतात तसं फ्रेमवर का नको, असं लेकीनंच काढलं. एका रविवारी आम्ही सायकल घेऊन दाणा बाजाराच्या अलीकडे एका भांड्यांच्या दुकानात गेलो. लग्नसराई तोंडावर, मशीनवाल्या काकांच्या पुढ्यात स्टीलच्या पातेल्यांची उतरंड. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि चष्मा पुसला. इतक्या वर्षांत सायकल पहिलीच, म्हणाले. मग सीटखालच्या नळीवर सुई टेकवली, मशीन भुंग्यासारखं गुणगुणायला लागलं आणि निळ्या रंगातून पांढरी रेघ निघू लागली. गंज धरू नये म्हणून लेकीनं वरून लावायला बिनरंगी नेलपॉलिशची बाटली आणली होती, ती हातात धरून ती वाकून बघत होती.

हाताला वळण पडलेलं असतं. काकांनी ‘चि.’ काढून टाकलं, मग नाव, मग आडनाव. मग सुई उचलून त्यांनी नेहमीच्या सुरात विचारलं, “खाली काय टाकू? ‘यांजकडून सप्रेम भेट’?”

“नको काका,” लेक घाईनं म्हणाली. “कोणालाच भेट नाही द्यायची.”